पळत्या बैलाचा फोटो

अलिबाग तालुक्यात पन्नास सालाच्या आगेमागे ज्यांची लग्नं झाली, त्यांच्या घरी जाऊन भिंतीवरचा फोटो बघा. नवरा, नवरी, मागे दोन रांगांत वऱ्हाड, आणि सगळ्यांचे चेहरे असे की दारात पोलीस आल्याचं नुकतंच कुणीतरी सांगितलंय. हसणारं एकही माणूस सापडणार नाही. तो फोटो माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, अंबाजी घरतांनी काढलेला आहे, हे खालची सही न वाचताही ओळखू येतं.

भावोजी गिरगावातल्या एका स्टुडिओत दहा वर्षं पडेल ते काम करत फोटो काढायला शिकले. मालक थकला तेव्हा त्यानं आपला जुना लाकडी कॅमेरा त्यांना देऊन टाकला. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी पावसाळा संपल्यावर भावोजी कॅमेऱ्याचे तीन पाय खांद्यावर टाकून रेवसच्या धक्क्यावर उतरले. नागावला घर आणि नारळाची वाडी होतीच. अलिबागच्या बाजारात एक खोली घेऊन त्यांनी पाटी लावली, आणि मग तीस वर्षं त्या पाटीखालून हलले नाहीत.

त्या कॅमेऱ्याला बटण वगैरे काही नव्हतं. भिंगावर एक पितळी टोपी असायची. ती काढायची, मोठ्यानं 'एक, दोन, तीन' म्हणायचं आणि परत बसवायची. तेवढ्यात समोरचं माणूस हललं की ज्या काचेवर फोटो उतरायचा तिच्यावर त्याला दोन नाकं येत. म्हणून भावोजींनी आपली एक शिस्त घालून दिली होती. जमिनीवर खडूनं रेघ मारायची, माणसांनी त्या रेघेवर येऊन उभं राहायचं, श्वास धरायचा आणि 'झालं' म्हणेपर्यंत पापणीसुद्धा हलवायची नाही. एरवी हा माणूस कोंबडीलाही शुक् म्हणायचा नाही, पण काळ्या कापडाखाली शिरला की आतून असा आवाज निघायचा, 'हलू नका', की मांडवातले भटजी हातातल्या अक्षता हातातच धरून थिजत. पाचसात वर्षांत समुद्रापासून डोंगरापर्यंतच्या गावांना पाठ झालं की फोटो म्हणजे रेघेवर उभं राहून न हलणं. रस्त्यात भावोजी भेटले तरी बायका नकळत पदर सारखा करून ताठ उभ्या राहत. मी त्यांची यावरून खूप थट्टा करायचो. पण त्या थट्टेत गोडी कमी आणि राग जास्त असे, आणि तो का, ते आता सांगून टाकतो.

आक्काला, म्हणजे माझ्या बहिणीला, नीराबाईला, एकच मुलगी झाली. तिचं नाव रंगू. ही मुलगी चालायला शिकलीच नाही, एकदम धावायलाच लागली. जेवताना एक घास खाऊन अंगणाला फेरी, मग दुसरा घास. भावोजींनी तिला चार वेळा कॅमेऱ्यासमोर बसवली. चारही काचांवर आक्का स्वच्छ आली, तिच्या नथीतले मोती मोजता येतील इतकी, आणि तिच्या मांडीवर नुसता पांढरा धूर. चौथ्या वेळी आक्का म्हणाली, राहू दे, तिला बांधून ठेवायची का? भावोजी म्हणाले, थोडी मोठी झाली की बसेल आपोआप. एकावन्नच्या भाद्रपदात रंगूला विषमज्वर झाला आणि एकविसाव्या दिवशी ती गेली. तेव्हा तिला सहावं लागलं होतं.

त्या काळी माणूस गेलं की फोटोग्राफरला बोलावणं जायचं. जिवंतपणी फोटो काढलेला नसायचा, मग गेलेल्या माणसाला टेकून बसवून, हार घालून एक काढून ठेवत. भावोजींनी असे कितीतरी काढले होते. रंगूच्या वेळी शेजारच्या एकानं कॅमेरा ओटीवर आणून ठेवला. भावोजींनी तो उचलून आत नेला आणि दार ओढून घेतलं. तिचा फोटो त्यांनी काढला नाही, आणि मला वाटतं बरोबरच केलं. पण मग असं झालं की ज्याच्या हातचे फोटो साऱ्या तालुक्याच्या भिंतींवर, त्याच्याच घरी त्याच्या मुलीचा चेहरा कुठेही नव्हता. आक्का त्यांच्याशी भांडली नाही. ती रंगूचं नाव घेईनाशी झाली, आणि मग भावोजीही घेईनासे झाले. घरात दोन माणसं, आणि बोलणं मीठमिरचीपुरतं. मी नागावच्या शाळेत मास्तर, तिथून दोनशे पावलांवर राहणारा. रोज संध्याकाळी हे बघायचो आणि मनातल्या मनात भावोजींना दोष द्यायचो. नाही आली स्वच्छ तर नाही, निदान चार काचांच्या जागी चाळीस तरी घालवायच्या होत्या.

पंचावन्न साली भावोजी फोटोचे कागद आणि ते धुवायची औषधं आणायला मुंबईला गेले होते. दुकानदारानं सामान ज्या इंग्रजी मासिकाच्या पानात बांधून दिलं, त्यावर घोड्यांच्या शर्यतीचा फोटो होता. मागची माणसं, कुंपण, झाडं सगळी पुसल्यासारखी, आणि घोडा मात्र डोळ्याच्या पापणीसकट स्पष्ट. चारही पाय जमिनीपासून वर. भाऊच्या धक्क्यापासून रेवसपर्यंत भावोजी तो कागद मांडीवर पसरून बसले होते. घरी आल्यावर पंधरा दिवस त्यांचं कशात लक्ष नव्हतं. एका सकाळी मी गेलो तर ते ओटीवर बसून अंगणात धावणाऱ्या कोंबडीकडे बघत मान फिरवत होते, डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. मला म्हणाले, कोंबडीबरोबर मान वळवून बघ. बघितलं. कोंबडी स्पष्ट दिसत होती आणि मागचं कुंपण पुसलं जात होतं. कॅमेऱ्यालाही अशी मान वळवता आली पाहिजे, एवढंच ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "पळतं जनावर फोटोत येतं, चंदर. एकदा मला ते स्वतःच्या हातानं काढून बघायचंय," असं म्हणाले. कुणासाठी बघायचंय ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढच्या खेपेला ते एक घडीचा, हातात धरायचा जुना कॅमेरा घेऊन आले. याला बटण होतं, आणि सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात भिंगामागचं दार उघडून मिटायचं. फिल्म मात्र मिळत नव्हती. बाहेरून येणारा माल तेव्हा बंदच होता म्हणा ना. ओळखीच्या दुकानदारानं कुठून कुठून दोन रोल दिले, एकात आठ फोटो, आणि आता वर्षभर तोंड दाखवू नकोस म्हणून सांगितलं.

पहिला रोल माझ्या सायकलवर गेला. मी किनाऱ्यावर ओल्या वाळूतून सायकल मारत जायचं आणि भावोजी सुरूच्या झाडांजवळ उभं राहून कॅमेरा फिरवणार. फोटो आठच, पण रिकाम्या कॅमेऱ्यानं सराव म्हणून त्यांनी मला दोनशे वेळा तरी पळवलं असेल. शाळेतली पोरं सुरूमागून बघायची. एकदा धोतर साखळीत अडकून मी सरळ समुद्राकडे तोंड करून आडवा झालो, तेव्हापासून चौथीच्या वर्गात माझा धाक निम्म्यानं कमी झाला. रोल धुतल्यावर आठांपैकी सातांत सायकलीच्या जागी धूर होता आणि एकात सायकलची घंटी तेवढी लख्ख आली होती. भावोजी त्या घंटीवर खूष. त्यांचं म्हणणं, हात फिरवून चालत नाही, पाय रोवून कमरेतून वळायला हवं, आणि बटण दाबल्यावरही थांबायचं नाही, वळतच राहायचं.

आता खरं जनावर हवं होतं. आमच्या किनाऱ्यावर माघात भात झोडून झालं की बैलगाड्यांच्या शर्यती होतात. भावोजींनी पंचांग काढलं. वसंत पंचमीला सकाळी दहाच्या सुमारास पाणी पार ओसरलेलं असणार, म्हणजे वाळू टणक. आणि त्या वेळी ऊन झाडांमागून, पाठीवरून येणार, म्हणजे बैलाच्या अंगावर नीट पडणार. सगळं जुळत होतं. दुसऱ्या रोलमधले सहा फोटो रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांवर हात बसवण्यात गेले. उरले दोन.

जोडी ठरली ती पोयनाडकडच्या तुळशीराम भगताची. त्याचा पाखऱ्या नावाचा पांढरा बैल दोन वर्षं सगळ्यांच्या पुढे येत होता. आम्ही त्याच्या घरी गेलो. तुळशीराम साधा भातशेती करणारा माणूस, बोलायला कमी. त्याच्या ओटीवर भावोजींनीच काढलेला लग्नाचा फोटो होता, त्यात त्याच्या भावाला दोन डोकी. बैलाचा फोटो काढायचा म्हटल्यावर तो नको म्हणाला. जनावराला दृष्ट लागते, शर्यतीतल्या बैलाची ताकद फोटोत जाते, असं त्याच्याकडे मानत. भावोजी उठायला लागले. त्यांना आग्रह करता येत नसे. तेव्हा मी तुळशीरामला गोठ्याकडे बाजूला नेलं आणि रंगूची सगळी हकीकत सांगितली. चार वेळा बसवली, चारही वेळा हलली, म्हणून फोटो आला नाही आणि मग मुलगीच राहिली नाही, असं. तो पाखऱ्याच्या पाठीवर हात फिरवत ऐकत होता. शेवटी म्हणाला, काढा. भावोजींनी त्याला नीट सांगितलं की किनाऱ्यावर मी एक काठी रोवून ठेवीन, तुझी गाडी त्या काठीजवळून आली पाहिजे, मी वीस पावलांवर असेन. तुळशीरामनं मान डोलावली. काठीजवळ येतो म्हणाला.

पंचमीला सारा किनारा माणसांनी भरला होता. बायका सुरूच्या सावलीत वेगळ्या उभ्या होत्या, त्यांत आक्काही होती. सगळं गाव आलं म्हणून आली होती. भावोजी पहाटेपासून जागेवर. पाय कुठे रोवायचे त्यासाठी त्यांनी वाळूत दोन खळगे केले होते. सहा गाड्या सुटल्या. लांबून नुसती उडती वाळू आणि आरडाओरडा, मग पांढरा ठिपका पुढे आला. तुळशीरामची गाडी सगळ्यांच्या चांगली दोन गाड्यांइतकी पुढे होती आणि नाकासमोर काठीकडे येत होती. भावोजी कमरेतून वळायला लागले. मी श्वास धरला.

काठी पन्नास पावलांवर असताना तुळशीरामनं कासरे ओढले. बैल बिथरले, खुरांनी वाळू नांगरली गेली, गाडी काठीच्या थोडी पुढे जाऊन कशीबशी थांबली. मागच्या पाच गाड्या तिच्या बाजूनं धाडधाड निघून गेल्या. लोक ओरडत होते. तुळशीराम कुणाकडे न बघता खाली उतरला, बैलांना धरून मागे सरकवत गाडी बरोब्बर काठीला लावली, मुंडासं सारखं केलं, पाखऱ्याच्या शिंगावर हात ठेवला आणि ताठ उभा राहिला. गाल फुगवून. त्यानं श्वास धरला होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अरे, पळवायचा होता ना, असं मी ओरडणारच होतो, तेवढ्यात भावोजींनी डाव्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं. ते तुळशीरामकडे बघत होते. त्याचा चेहरा लाल होत चालला होता, पण तो हलत नव्हता. भावोजींनी कॅमेरा उचलला. बटण दाबायला सेकंदाचा शंभरावा हिस्सा पुरे होता, तरी त्यांनी मोठ्यानं, सावकाश, "एक, दोन, तीन" म्हटलं. बटण दाबलं. मग "झालं" म्हणाले, आणि तुळशीरामनं श्वास सोडला.

त्याच्या गावची माणसं धावत आली आणि त्याला नको नको ते बोलू लागली. हातातली शर्यत घालवली, गावाची मान खाली घातली. तो ऐकून घेत राहिला. मग मीच विचारलं, तुळशीराम, थांबलास का?

"मास्तर, तुमीच बोललात ना," तो म्हणाला, "पोर हालली म्हणून तिचा फोटू ग्येला. आता माज्या बैलापायी यांचा परत जावाला नको. शर्यत काय, फुडल्या साली बी व्हईल."

चूक माझी होती. मी रंगूची गोष्ट सांगितली, आणि वीस गावांना उभं राहायला शिकवणाऱ्या माणसाच्या वतीनं सांगितली. काठी म्हणजे रेघ, एवढंच तो समजला, आणि त्या रेघेवर त्यानं आपली शर्यत सोडून दिली. मला स्वतःची लाज वाटली. भावोजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आक्का पुढे आली. तिनं सगळं ऐकलं होतं. एवढ्या पुरुषांत ती सहसा बोलायची नाही. ती तुळशीरामसमोर उभी राहिली आणि म्हणाली,

"भाऊ, आमची रंगू कधी उभी राहिलीच नाही. तुम्ही पळवा. ते काढतील."

इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून ते नाव मी ऐकलं. भावोजींनीही. ते तिच्याकडे बघत राहिले, पण तिचं लक्ष बैलाकडे होतं.

तुळशीरामला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं गाडी वळवली. पाणी परतायला लागलं होतं, काठीपर्यंत ओल आली होती. लोक जेवायला पांगले होते, निकाल लागल्यावर कोण थांबतो? किनाऱ्याच्या त्या टोकाला जाऊन त्यानं जोडी एकटीच सोडली. शर्यत नाही, शेजारी गाडी नाही, ओरडणारं कुणी नाही, तरी पाखऱ्या पळाला. का पळाला ते त्यालाच माहीत. भावोजींचे पाय वाळूच्या खळग्यांत होते. ते लांबूनच त्याला नजरेत धरून वळू लागले, हळू, मग बैलाच्या चालीनं, आणि काठीशी पाणी उडालं तेव्हा बटणाचा बारीक आवाज झाला. त्यानंतरही ते वळतच राहिले, गाडी पार लांब जाईपर्यंत.

तुळशीरामनं पुढे आपल्या ओटीवर लावला तो उभा फोटो. पळता दाखवला तर म्हणाला, ह्यात माजा तोंडच दिसत न्हाय. ते खरंच होतं.

रोल दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात अंधार करून धुतला. दुपारी कागदावर उतरवला आणि भावोजी ओला फोटो दोन बोटांत धरून बाहेर आले. आक्का ओटीवर तांदूळ निवडत होती. त्यांनी तो तिच्यासमोर धरला. समुद्र नुसत्या आडव्या रेघा झाला होता, चाक धुकं झालं होतं, तुळशीरामच्या तोंडाच्या जागी पांढरी पट्टी. जोडीचा बैल अर्धा पुसलेला. पण पाखऱ्याचं डोकं, वळलेलं शिंग, उघडा डोळा आणि वाळूवरून उचललेले पुढचे दोन पाय इतके स्पष्ट की खुरांवरचे पाण्याचे थेंब दिसत होते.

आक्कानं सूप बाजूला ठेवलं. फोटो हातात घेऊन ती बराच वेळ बघत होती. मग तिनं विचारलं,

"हे तेव्हा येत असतं, तर ती आली असती ना?"

मला वाटलं, भावोजी आता कॅमेऱ्याचं सांगतील, तेव्हा असा कॅमेरा नव्हता, फिल्म नव्हती. ते सगळं खरंच होतं आणि आक्कालाही ते माहीत होतं. पण ते तिच्या शेजारी खाली बसले.

"आली असती," ते म्हणाले. "तिच्या मागे वळायचं सोडून मी तिला बसवत राहिलो."

आणि ते रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, रंगू गेली तेव्हाही नाही. इतक्या वर्षांचा माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. त्या माणसाला मी तेवढी वर्षं एकटं सोडलं होतं, एवढंच कळलं. आक्का रडली नाही. तिनं फोटोतल्या पुढच्या पायावर बोट ठेवलं आणि म्हणाली, रंगूही डावा पाय आधी टाकायची. भावोजी डोळे पुसत म्हणाले, नाही, उजवा, आणि म्हणून विहिरीशी वळताना नेहमी पडायची. आक्का म्हणाली, विहिरीशी ती पडायची ते तुमच्या वहाणा घालायची म्हणून. मग कुठल्या वहाणा, त्यावरून दोघांची जुंपली. मी हळूच उठून शाळेत निघून गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा तांदूळ तसेच सुपात होते, चूल पेटलेली नव्हती, आणि ती दोघं अजून तिच्याबद्दलच बोलत होती.